थेंबमास्तर आणि घुमा दगड

आमच्या दगडाच्या वखारीत पंचवीस-तीस माणसं कामाला असत, पण दगडाचं म्हणणं ऐकून घेणारा त्यांत एकच. तो दगडावर एक थेंब टाकायचा, मान तिरकी करायचा, उजवा कान दगडाला लागेल इतका खाली न्यायचा आणि डोळे मिटून थांबायचा. नवं गिऱ्हाईक हे पाहून दचकत असे. म्हाताऱ्याला चक्कर आली असं वाटून एकदा एका बाईंनी पाण्याचा तांब्या आणला होता.

त्यांना सगळे थेंबमास्तर म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, मी कधी पाहिलं नाही. मी फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसायचो. ट्रक आत येताना एकदा तोलायचा, बाहेर जाताना एकदा. मधल्या वेळात माणसं तोलायची. त्यामुळे मास्तरांबद्दल जे सांगतो आहे ते तोलून सांगतो आहे, असं समजा. थोडं इकडेतिकडे झालं तर काटा जुना होता म्हणून सोडून द्या.

मास्तर उंच, वाळके, आणि त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या छातीवर बारीक बारीक भोकं. ॲसिडचे शिंतोडे. वहिनी म्हणायच्या, "यांचे सदरे मी धुवत नाही, गाळते." खिशात गोळ्यांची एक पत्र्याची डबी. आत कापूस, कापसात तपकिरी बाटली, बाटलीत पाणी घालून सौम्य केलेलं ॲसिड, शिवाय एक फडकं आणि एक लोखंडी खिळा. या खिळ्याकडे लक्ष ठेवा. आम्ही कुणीच ठेवलं नाही.

त्यांचं काम म्हणजे दगडाची जात ओळखणं. सगळे पांढरे दगड गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. पण संगमरवर चुन्याच्या जातीचा. त्याच्यावर ॲसिड पडलं की ते चुना खातं, वायू सुटतो, बुडबुडे येतात आणि दगड फसफसतो. थेंब पुसला की तिथली चकाकी गेलेली. अशा दगडावर लिंबू चिरून ठेवलं तरी सकाळी गोल डाग तयार. याला मास्तर 'बोलका' म्हणत. दुसरा वाळूपासून झालेला, क्वार्टझाईट. त्याच्यावर बाटली उपडी केली तरी हूं की चूं नाही. तो 'मुका'. जिथे आंबट-तिखट सांडणार तिथे मुकाच हवा.

आणि तिसरा. याच्याबद्दल बोलताना मास्तरांचा आवाज उतरायचा. डोलोमाईट. चुना याच्यातही असतो, पण दुसऱ्या एका धातूशी इतका घट्ट बांधलेला, की गार थेंब पडला तर हा गप्प बसून राहतो. मुक्याचं सोंग घेतो. खिळ्यानं ओरखडा काढायचा, भुकटी सुटली की तिच्यावर थेंब टाकायचा, म्हणजे मग हा हळू आवाजात कबूल होतो. याचं नाव 'घुमा'. "बोलक्याची भीती नाही आणि मुक्याचीही नाही," मास्तर म्हणायचे, "घुम्यानं घरं बुडवली आहेत."

कानाची सवय त्यांना त्यांच्या वस्तादानं लावली. वस्तादाच्या गोदामाला खिडकी नव्हती. अंधारात बुडबुडे दिसायचे नाहीत, म्हणून ऐकायचे. पुढे उजेडाच्या वखारीत आले तरी मास्तर ऐकतच राहिले, कारण त्याचं कौतुक व्हायला लागलं. 'दगडाची नाडी बघणारा माणूस' म्हणून शेठ गिऱ्हाइकांना ते दाखवायचे. कौतुक झालं की माणूस सवय सोडत नाही. मला बोलका म्हणतात म्हणून मी तरी कुठे गप्प बसतो?

मास्तरांना एकच मुलगी. तिची खेळणी म्हणजे खडू, शिंपले आणि अंड्याची टरफलं. बाप त्यांच्यावर थेंब टाकायचा, ती फसफस ऐकून टाळ्या पिटायची. शिंपला आणि संगमरवर एकाच घराण्यातले आहेत हे तिला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक. मोठी झाल्यावर विज्ञानाची शिक्षिका झाली यात नवल ते काय. पण तीन वर्षं शाळेनं तिला तात्पुरतं ठेवलं होतं. दर सत्राला नवा कागद, दर सत्राला नवा घोर. यंदा एकदाचं तिच्या कायम होण्याचं ठरणार होतं.

आणि यंदाच शाळेनं प्रयोगशाळा नवी केली. मुख्याध्यापकांना टेबलांवर काळ्या टाईल्स हव्या होत्या. पोरीनं हट्ट धरला, पांढरा दगडच हवा, पांढऱ्यावर मुलांना द्रावणाचे रंग नीट दिसतात. मोठे सर म्हणाले, "ॲसिड सांडेल, डाग पडतील, जबाबदारी कुणाची?" तिनं सांगितलं, "माझी. माझ्या वडिलांचा थेंब पडलाय त्याच्यावर." बारा टेबलांच्या बारा पाट्या आमच्याच वखारीतून गेल्या. प्रत्येकीच्या कडेला मास्तरांची निळ्या खडूची खूण, 'मुका' म्हणून. महिन्याभरात टेबलं बसली. सोमवारी पहिला प्रयोग, तोही ॲसिडचाच, आणि तो पाहायला शाळेची समिती येणार होती. त्याच दिवशी दुपारी समितीपुढे तिचा कागद.

आता त्या आधीच्या गुरुवारचं ऐका.

जेवणाची सुट्टी होती. करवती बंद, वखार शांत. एक चष्मेवाल्या बाई टेम्पोतून जुनं गोल टेबल घेऊन आल्या. सरबताच्या दुकानात ठेवायचं होतं, दगड टिकेल का एवढंच विचारायचं होतं. मास्तरांनी थेंब टाकला. मान तिरकी. डोळे बंद. आम्ही सगळे हातातला घास तोंडात न घालता बघतोय, कारण हा खेळ कितीदा पाहिला तरी पुरायचा नाही.

"गप्प आहे," मास्तर उठत म्हणाले. "बिनधास्त वापरा."

"अहो, पण हे फसफसतंय की!" बाई म्हणाल्या. "मला इथे उभ्यानं ऐकू येतंय."

मलाही येत होतं. सोड्याची बाटली शेजारच्या खोलीत उघडावी तसा आवाज. मास्तरांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, एका ट्रकवाल्याच्या चेहऱ्यावर, ब्रेक लागत नाही हे त्याला कळलं तेव्हा.

"तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो," मास्तर हसले. "संगमरवर आहे. लिंबू लावू नका."

बाई हसल्या, गेल्या. सगळे जेवायला लागले.

आता माझं पाप सांगतो. चहाच्या टपरीवर मी फक्त एवढंच म्हणालो, "मास्तरांचा आणि दगडाचा अबोला झालेला दिसतोय." एवढंच. टपरीवाल्यानं ते पॉलिशवाल्याला सांगितलं. संध्याकाळी फाटक बंद करताना क्रेनवाला माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "काटेवाले, तुम्हाला कळलं का? मास्तर तीन वर्षांपासून ठार बहिरे आहेत. कुणाला बोलू नका." माझीच बातमी लग्न होऊन, पोरंबाळं घेऊन माहेरी आली होती.

शुक्रवारी शेठनी मास्तरांना बोलावलं. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकावंच लागलं.

"मास्तर, कान दाखवून घ्या एकदा."

"कान ठणठणीत आहेत."

"ठणठणीत आहेत तर मी एवढा ओरडून का बोलतोय?" शेठ म्हणाले. "तोवर निळी खूण करू नका. लोक काय म्हणतील?"

मास्तर बाहेर आले ते थेट माझ्या अंगावरून गेले. मी हाक मारली. वळले नाहीत. रागावले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी दुपारी ते माझ्या खोपटाशी आले. उन्हात उभे राहिले आणि मग काट्याच्या लोखंडी पाटावरच टेकले. ट्रकचा काटा तो, दहा-दहा किलोनं चालतो. पूर्वी मास्तर गमतीनं उभे राहिले की सत्तर दाखवायचा. आता साठवर थांबला. मी त्यांना आत घेतलं आणि जवळ बसवून त्यांच्या कानाशी बोलत राहिलो.

"काटेवाले, तुम्हाला काही सांगितलं तर तुमच्याजवळ राहील?"

"मास्तर, तीस वर्षांत कधी राहिलंय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय! दुसरं आहे कोण?" ते म्हणाले. आणि सगळं बाहेर आलं. घरी किटली शिट्टी मारून मारून दमते आणि वहिनी मागच्या अंगणातून धावत येतात, हे ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेले. दाराची घंटा दोन महिन्यांपासून बिघडली आहे अशी त्यांची समजूत होती. घंटा चांगली होती. वहिनींना विचारावं तर त्या म्हणाल्या, "मला वाटलं मुद्दाम करताय. तीस वर्षं मुद्दामच करत होता, मग मला फरक कसा कळणार?"

मी हसलो. मास्तर हसले नाहीत.

"पोरीच्या बारा पाट्या," ते म्हणाले. "त्या दिवशी मी प्रत्येकीला कान लावला होता. प्रत्येक गप्प होती. आता मला सांगा, दगड गप्प होता, की माझा कान?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला.

"डोळ्यांनी बघायचं होतंत."

"पांढऱ्या दगडावर पांढरे बुडबुडे, आणि हे डोळे! पेपरातले मला आता मथळेच तेवढे दिसतात." त्यांनी डबी काढली, पुन्हा खिशात ठेवली, पुन्हा काढली. "सोमवारी तीस पोरं त्या टेबलांवर ॲसिड सांडणार. समितीसमोर टेबल फसफसलं, तर तिचा कागद गेला. तीन वर्षं गेली. आणि तिनं सांगितलंय काय? माझ्या वडिलांचा थेंब पडलाय." त्यांचा आवाज चढत गेला होता. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. पलीकडे पॉलिशवाला मान वळवून बघायला लागला. मी उठून दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या बातमीवर दार लावलं असेल.

"उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला," मास्तर म्हणाले. "मी थेंब टाकतो, तुम्ही ऐका. आवाज आला तर खोका. पोरीला काही कळता कामा नये."

"आणि आवाज आला तर?"

"आधी येऊ तर दे रे," ते म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरेवर आले.

रविवारी सकाळी आम्ही दोघं शाळेत. पोर एकटीच प्रयोगशाळेत उद्याची तयारी करत होती. बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं चाललं होतं. बारा टेबलं अशी चकाकत होती की खिडक्यांची प्रतिबिंबं त्यांच्यात दिसावी.

"काकांना प्रयोगशाळा बघायची होती," मास्तर म्हणाले.

"काका, तुम्हाला विज्ञानाची आवड कधीपासून?"

"कालपासून," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

ती पाठमोरी झाली की मास्तर टेबलाच्या कोपऱ्यात, नळामागे, थेंब टाकायचे आणि माझ्याकडे बघायचे. ऐकायला मला डोकं खाली घालावं लागे. पहिल्या टेबलावर मी रुमाल पाडला आणि तो उचलता उचलता वेळ काढला. दुसऱ्यावर चष्मा पुसला. तिसऱ्यावर काही सुचेना, तेव्हा सरळ हातावर डोकं टेकून पडलो.

"काका, बरं वाटत नाही का?"

"वय झालं गं. दगड गार लागतो, बरं वाटतं."

तीन टेबलं गप्प. चार. पाच. मी मान हलवत होतो, नाही, नाही. मास्तरांचे खांदे हळूहळू खाली येत होते. सातव्यावर तर ते हसले. आठव्यावर मी डोकं टेकलं आणि माझ्या नाकात खडूची धूळ गेली. मी किती आवरलं ते माझं मला ठाऊक. ठसका आलाच. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

मास्तर पांढरेफटक पडले. त्यांनी मोकळ्या हातानं टेबल धरलं आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "बोलला?"

पोरीच्या हातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा पडला. तिनं बापाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग नळामागचे ओले ठिपके एकेक करून पाहत आली.

"बाबा, काय करताय?"

त्यांना ऐकू गेलं नाही. ती जवळ आली, समोर उभी राहिली. "बाबा. कान कधीपासून?"

हे मात्र त्यांना ओठांवरून कळलं. आपल्या माणसाच्या ओठांवरचा असला प्रश्न कळायला कान लागत नाहीत. "वर्ष झालं असेल," ते म्हणाले. "तुझ्या आईला काल कळलं. वखारीला कळलं. यांनी कळवलं." बोट माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"पण दगड गप्प आहे!" ते घाईघाईनं म्हणाले. "आठ टेबलं झाली. काका ऐकताहेत. सगळी मुकी आहेत. मी चुकलो नव्हतो बघ."

पोर शिक्षिका होती आणि त्याहून आधी थेंबमास्तरांची लेक होती. तिनं पाट्यांवरून तळवा फिरवला.

"ओरखडा काढला होता का?"

"काय?"

"ओरखडा, बाबा! खिळ्यानं! काढला होता?"

मास्तरांनी डबी उघडली आणि आम्ही तिघांनी आत पाहिलं. खिळा कापसाला गंजून चिकटला होता. किती वर्षांचा गंज तो.

"पॉलिश केलेल्या पाटीवर ओरखडा शेठना चालत नाही," ते हळू बोलायला गेले, पण जमलं नाही, सगळं मोठ्यानंच येत होतं. "गिऱ्हाईक तक्रार करतं. पाठीमागून काढायचो पूर्वी. या पाट्या भिंतीला टेकवलेल्या होत्या, मागे हात जात नव्हता. दोन माणसं बोलवावी लागली असती." ते थांबले. "म्हटलं, कान आहे की."

तिनं खणातून कानस आणली, टेबलाखाली वाकली आणि पाटीच्या खालच्या कडेला घासली. काचेच्या तबकडीत चिमूटभर पांढरी भुकटी जमली. तबकडी तिनं टेबलावर ठेवली आणि बापाच्या हातातली बाटली घेऊन एक थेंब टाकला.

सुरुवातीला काही नाही. मग अगदी बारीक, तापलेल्या मातीत पाणी मुरावं तसा आवाज. भुकटी हलली, उकळल्यासारखी झाली. पोरीनं ओठ मिटले.

मास्तर तबकडीकडे बघतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते. एकदा तिच्या, एकदा माझ्या.

"बोलला," ते म्हणाले. या वेळी विचारलं नाही.

म्हणजे गंमत बघा. त्या दिवशी कान खोटं बोलला नव्हता. दगड खरंच गप्प होता. चुकला होता तो हात, ज्यानं खिळा काढला नाही. तीन रात्री माणूस कानाला दोष देत तळमळला आणि दोष निघाला भलत्याच ठिकाणी. यानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मास्तर स्टुलावर बसले ते एकदम लहान दिसायला लागले. कान गेला तर वय म्हणता येतं. ओरखडा न काढण्याला काय म्हणायचं?

पोर पहिल्या टेबलाशी गेली, फडक्यानं थेंब पुसला आणि आडव्या उजेडात वाकून पाहिलं. थेंबाच्या जागी नाण्याएवढा मंद गोल. चकाकी गेलेली. दुसऱ्या टेबलावर तसाच. आठ टेबलांवर आठ. घुम्या दगडाला थेंबानं तेवढ्या वेळात सावकाश खाल्लं होतं.

"उद्या," ती म्हणाली, आणि चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्यांकडे पाहिलं.

आता माझ्या डोक्यात कल्पना यायला उशीर लागत नाही. मी तिच्या जवळ सरकून हळूच म्हणालो, "हे बघ पोरी, डागांवर बाटल्या मांडून ठेव. उद्या ॲसिडचा प्रयोग घेऊ नकोस, दुसरा काहीतरी घे, मीठ-पाण्याचा. समिती बघेल, चहा पिऊन जाईल. तुझा कागद एकदा झाला की मग सवडीनं बघू दगडाचं."

ती लगेच नाही म्हणाली नाही. मी खोटं कशाला सांगू? ती विचार करत होती. "ट्रे ठेवता येतील," ती पुटपुटली. "प्रत्येक टेबलावर एक ट्रे." तीन वर्षं दर सत्राला नव्या कागदाची वाट पाहिलेल्या माणसाचा विचार होता तो. त्याला नावं ठेवायला मी कोण?

"काय ठरतंय?" मास्तर स्टुलावरून ओरडले. "मला कळू द्या की!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तूच सांग. ती बापासमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांना कळावं म्हणून तिला मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करून बोलावं लागलं.

"काका म्हणताहेत! उद्या! डाग! झाकून ठेवू!"

रिकामी खोली. उंच छत. शेवटचे शब्द भिंतीवर आपटून परत आले. झाकून ठेवू. कुजबुजताना ते शहाणपणाचं वाटत होतं. एवढ्यानं बोलल्यावर ते कुणालाच आपलं म्हणवेना. मला तर भीती वाटली, शिपाई येतो की काय.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि तू काय म्हणतेस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला हसूही आलं. "मी काय म्हणणार? हे परत एवढ्यानं ओरडून सांगायला नको, म्हणून नाही म्हणते."

"उद्या मी येतो मोठ्या सरांकडे," मास्तर म्हणाले. "थेंब माझा होता."

सोमवारी शाळा भरण्याआधी आम्ही कार्यालयात उभे होतो. मास्तर, पोर आणि मी. मला का नेलं? पोरीचा आवाज थरथरत होता, आणि कुणाचंही बोलणं दुसऱ्याला पोचवण्याचा अनुभव त्या गावात माझ्याइतका कुणाला नव्हता. मास्तरांनी वहिनींनी इस्त्री केलेला सदरा घातला होता. इस्त्रीनं भोकं जात नाहीत.

मास्तरांनी सगळं सांगितलं. घुमा दगड, ओरखडा, भिंतीला टेकवलेल्या पाट्या, कान. काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. एवढं बेचव बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. खिशातून डबी काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली, गंजक्या खिळ्यासकट.

मोठे सर हळू बोलणारे. शाळेतली पोरं त्यांच्या आवाजाला नाही, त्या हळूपणाला घाबरत. त्यांनी चष्मा काढला, खिळ्याकडे पाहिलं, आणि टेबलाकडे बघतच बोलायला लागले. ओठ खाली, आवाज त्याहून खाली. मास्तरांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांच्या मुलीचं काय व्हायचं ते त्या ओठांतून निघत होतं आणि ते पुढे वाकून, मान तिरकी करून, उजवा कान पुढे करून उभे होते. अगदी दगडासमोर उभे राहावं तसे.

सर थांबले. पोर खाली बघत होती. मास्तर माझ्याकडे वळले.

"काय म्हणाले?"

त्या घटकेला माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू! शेवटचं गोड वाक्य आधी घ्यावं. मधलं एक गाळावं. एक शब्द बदलला तरी म्हातारा आजची रात्र झोपेल. हे सगळं मला हातखंडा येत होतं. पण सर ऐकत होते, पोर ऐकत होती, आणि तो कान माझ्यापुढे आला होता. मी मोठ्यानं, जसंच्या तसं, त्याच क्रमानं सांगितलं.

"म्हणाले, आजचा प्रयोग रद्द. महिन्याभरात टेबलांवर दुसरा दगड बसला पाहिजे. म्हणाले, बाईंचा कागद आज समितीपुढे जाणार नाही. पुढच्या सत्रात बघू. म्हणाले, तुम्ही आपण होऊन आलात, हे मी समितीला सांगेन."

मास्तरांनी ते मनात एकदा फिरवलं. "पुढच्या सत्रात करू म्हणाले, की बघू म्हणाले?"

पोरीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बघू म्हणाले," मी सांगितलं.

मास्तरांनी मान डोलावली. डबी उचलली, सरांना नमस्कार केला. बाहेर व्हरांड्यात पोरीनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, लहानपणी धरायची तशी, आणि घंटा झाली तेव्हा सोडली. ती घंटा त्यांना ऐकू आली असावी. निदान बाही सुटलेली तरी कळली असावी. पुढचं सत्र तिचं अजून यायचं आहे. वहिनी म्हणतात, होईल. मी काही म्हणत नाही.

आम्ही तिथून वखारीत आलो. मास्तर शेठना भेटायला गेले नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला नवा खिळा आणि एक भिंग काढलं, पॉलिशवाल्याला आणि क्रेनवाल्याला हाक मारली आणि भिंतीला टेकवलेल्या पांढऱ्या पाट्या एकेक करून पुढे ओढायला लावल्या. ज्यांच्यावर त्यांची निळी खूण होती ती प्रत्येक. खूण पुसायची, पाठीमागे ओरखडा काढायचा, भुकटीवर थेंब टाकायचा, भिंग लावायचं, घड्याळ धरायचं. तरी मान सवयीनं तिरकी व्हायचीच. मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. कुणी नेमलं नव्हतं. पण त्या थेंबापुढे मी तोंड मिटून बसतो हे पाहून टपरीवाल्यानं डॉक्टरला बोलावू का विचारलं.

एका पाटीची पाठ कोपऱ्यात अडली होती, हात जाईना. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि तिच्या पुढच्या, आरशासारख्या चकाकत्या अंगावरच खिळा टेकवला. कर्रकन आवाज झाला. वखारीच्या पार दुसऱ्या टोकाहून शेठचा आवाज आला, "अहो मास्तर! पॉलिशवर ओरखडा नको!"

सगळ्यांनी माना वळवल्या. मास्तर वाकून थेंब टाकत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. आणि मी कधी विचारलंही नाही.